व्हीपीएस कोणता घ्यावा: रॅमच्या आधी ‘एसटी’ बघा

शेअर्ड होस्टिंगवर साइट मावेनाशी झाली म्हणून तुम्ही व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर) घेताय आणि लिनक्सची तोंडओळख आहे, असं धरून चालतो. मी देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या आंबा बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या साइट सांभाळतो.

डेटा सेंटर मुंबईचं. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असताना अमेरिकेला वळसा कशाला? रॅम वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल मिळून २ जीबी. एक जीबीत भागतं म्हणणाऱ्यांच्या साइटवर ऑर्डरी येत नसतात.

एका मशीनचे अनेक सर्व्हर करण्याचा प्रकार केव्हीएम. ओपनव्हीझेड स्वस्त मिळेल, पण तिथे सगळ्या भाडेकरूंना मिळून घरमालकाचा एकच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तुम्हाला तो बदलता येत नाही. केव्हीएममध्ये कर्नल स्वतःचा. २००७ पासून ते लिनक्समध्येच आहे, त्यात आता चैन काही राहिलेली नाही.

आता मी जिथे आपटलो ते: प्रोसेसरचे कोअर शेजाऱ्यांशी सामायिक घ्यायचे की फक्त आपल्यासाठी राखीव?

एका एप्रिलात रात्री नऊनंतर ऑर्डरचा फॉर्म उघडायला पंधरा-पंधरा सेकंद लागायला लागले. होस्टिंगवाले म्हणाले, प्लॅन वाढवा. मी मुकाट्याने रॅम दुप्पट केली. फरक शून्य. इकडे बागायतदार काका फोनवर, “आंबे पिकाक लागले रे, ऑर्डरी खंय गेल्यो?” शेवटी ‘टॉप’ कमांड चालवून सीपीयूच्या ओळीतला ‘एसटी’ हा आकडा बघितला, तर तिशीच्या वर! हा म्हणजे ‘स्टील’, चोरी. तुमचं काम तयार उभं आहे, पण खालचा हायपरवायझर (मशीन सगळ्यांत वाटून देणारं सॉफ्टवेअर) कोअर शेजाऱ्याला देऊन बसलाय. गणपतीतली एसटी आठवा, तिकीट हातात आणि सीटवर दुसराच. अशा वेळी रॅम वाढवणं म्हणजे बॅग मोठी घेणं.

म्हणून आधी एकाच महिन्याचे पैसे भरा. वर्षाच्या सवलतीला भुलू नका. तीन रात्री, गर्दीच्या वेळी, दहा-दहा मिनिटं एसटी मोजा. मशीन रिकामं असताना मात्र मोजू नका. कामच मागितलं नाही तर चोरणार काय? एखादी मोठी फाइल जीझिपने दाबायला लावा आणि मग बघा. एक-दोन टक्के चालतात. सतत पाचाच्या वर राहिला तर मी तिथे थांबत नाही. ओपनव्हीझेडसारख्या, एकाच कर्नलवरच्या कंटेनरवाल्या सर्व्हरवर या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आणखी एक चकवा. ॲमेझॉनच्या टी२ मायक्रोसारख्या प्रकारात कोअरचे १० टक्केच हक्काचे असतात. कमी वापराच्या वेळी साठवलेली क्रेडिटं (जास्त सीपीयू वापरायची शिल्लक) संपली की गाडी तेवढ्यावर येते. तिथे एसटी चढला तर शेजाऱ्याला शिव्या घालू नका, मर्यादा तुमचीच आहे.

होमस्टेचे फोटो आणि फोन नंबर एवढंच असेल तर सामायिक कोअर पुरे. ऑर्डरी घेत असाल तर मार्च ते मे राखीव कोअर, पावसाळ्यात परत खाली. वर जाताना फक्त सीपीयू-रॅम वाढवा, डिस्क नको. एकदा वाढवलेली डिस्क बहुतेक ठिकाणी लहान करून मिळत नाही, आणि मग जूनमध्ये नवा सर्व्हर उभा करून सगळा डेटा हलवत बसावं लागतं.