मासे शोधणारा सोनार कसा वाचावा

ग्वाल्हेरजवळ तिघरा धरणावर नानांच्या होडीला सोनार, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र, बसवला, त्या पहिल्या दिवशी पडद्याच्या डाव्या बाजूला माशाची खूण असलेली ठसठशीत कमान दिसली. आम्ही होडीच्या डावीकडे गळ टाकून तासभर बसलो. हाती काही लागलं नाही. पडदा म्हणजे पाण्याखालचा फोटो, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर होडीखाली या क्षणी काय आहे ते फक्त उजव्या कडेला उमटतं. बाकीचा पडदा म्हणजे होऊन गेलेला वेळ, डावीकडे सरकत जाणारा.

यंत्राचं काम विहिरीत हाक मारण्यासारखं आहे. होडीखालच्या ट्रान्सड्यूसरमधला (आवाज सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागातला) स्फटिक विजेच्या झटक्याने थरथरतो आणि आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर धावतो. प्रतिध्वनी 0.02 सेकंदांत परतला, तर जाऊन-येऊन अंतर जवळपास 30 मीटर, म्हणजे खोली 15 मीटर. रोहू-कटल्याच्या पोटात हवेची पिशवी असते. आवाज पाण्यातून हवेवर आदळला की जोरात उलटतो, म्हणून मासा दिसतो.

याच कारणाने ट्रान्सड्यूसर बसवताना बुडबुडे टाळा. तो होडीच्या मागच्या फळीवर, इंजिनाच्या पंख्यापासून दूर लावा. तोंड सरळ खाली आणि कायम पाण्यात हवं.

मग ‘फिश आयडी’ बंद करा. त्यातली माशांची चित्रं यंत्राने अंदाजाने काढलेली असतात. बुडालेली फांदीही मासा होऊन बसते. उथळ तलावात आवाजाची वारंवारता 200 किलोहर्ट्झ ठेवा. संवेदनशीलता वाढवत न्या आणि पडदा ठिपक्यांनी भरू लागला की थोडी कमी करा.

आता परीक्षा. दोरीला लोखंडी पाना बांधून ट्रान्सड्यूसरच्या अगदी खाली सोडा. दोरी खालीवर केली की पडद्यावर नागमोडी रेघ उमटते. ती दिसली नाही, तर पाना आवाजाच्या झोताबाहेर आहे. झोत शंकूसारखा पसरतो: 20 अंशांचा असेल, तर 15 मीटर खोलीवर त्याची रुंदी साधारण 5 मीटर. त्या 5 मीटरमध्ये मासा डावीकडे आहे की उजवीकडे, हे साधा सोनार सांगत नाही.

कमान का होते? मासा शंकूच्या कडेला असताना होडीपासून लांब असतो, मधोमध आला की सर्वांत जवळ, पुढे पुन्हा लांब. मासा आणि होडी दोन्ही थांबलेले असतील, तर कमान होत नाही, सरळ रेघ लांबत जाते. तळाची रेघही वाचा: खडकाळ तळ ठळक दिसतो, कधी त्याच्या दुप्पट खोलीवर दुसरी रेघही उमटते, गाळ फिकट, धूसर दिसतो.

आता नाना उजव्या कडेला कमान सुरू झाली की लगेच वल्हं थांबवतात. रेघ लांबू लागली की गळ सरळ खाली सोडतात. मग शिशाच्या वजनाची बारीक रेघ तिरकी उतरत माशाच्या रेघेकडे जाताना दिसते, आणि होडीत कुणी बोलत नाही.