जत्रेतलं नाटक टॅबवर अडखळतंय?

फोंड्याकडच्या जत्रेत तीन तासांचं नाटक फोर-केमध्ये शूट केलं, पण घरच्या टॅबवर आवाज येतो नि चित्र थांबतं, असं झालं तर एडिटिंग ॲपमधून व्हिडिओ एक्सपोर्ट करताना (म्हणजे नवी फाइल बनवताना) एवढं बदला:

१. फॉरमॅट एमपी४, कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) एच.२६४. एच.२६५ फाइल लहान करतो खरा, पण जुन्या टॅबला तो झेपेलच असं नाही.

२. रिझोल्यूशन १२८० बाय ७२०. आठ-दहा इंची स्क्रीनवर नटांचे चेहरे पुरेसे स्पष्ट दिसतात.

३. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मूळ शूटिंगचाच, पण 'कॉन्स्टंट', म्हणजे न बदलणारा. मोबाइलचा बदलता रेट तसाच ठेवला की नाट्यपद पुढे आणि गायकाचे ओठ मागे, असं होऊ शकतं.

४. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) २.५ एमबीपीएस, आवाज एएसी फॉरमॅटमध्ये १२८ केबीपीएस. तीन तासांचे साधारण ३.५ जीबी होतात. हे महत्त्वाचं, कारण एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटच्या मेमरी कार्डवर ४ जीबीहून मोठी फाइल जातच नाही.

आधी अंधुक उजेडातल्या प्रवेशाचं एकच मिनिट एक्सपोर्ट करून टॅबवर बघा. काळ्या पडद्यावर चौकोन दिसले तर बिटरेट ३ एमबीपीएस करा आणि फाइल ४ जीबीच्या वर जाऊ नये म्हणून नाटक अंकांप्रमाणे तोडा.

मूळ फोर-के फाइल मात्र पुसू नका.