कढईतली नानकटाई: ओव्हन नसलेल्या घरासाठी

मुलांना सोबत घेऊन घरी पहिल्यांदाच काही भाजणार असाल, तर केकच्या आधी नानकटाई करा. केक बसला की बसला, त्याला उपाय नाही. नानकटाईची आधी एकच भाजून बघता येते, आणि ती कशी झाली त्यावरून उरलेल्या पिठात फरक करता येतो. अंडं लागत नाही, साचे लागत नाहीत. ओव्हनही लागत नाही, जाड बुडाची कढई पुरते.

पूर्वी दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरचे लोक रवा, मैदा, तूप, साखर घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचे आणि पत्र्याचे डबे भरून बिस्किटं, नानकटाई भाजून आणायचे. काही गावांत अजूनही अशी भट्टी मिळते. तुमच्याकडे असेल तर मुलांना एकदा तिथे जरूर न्या. नसेल तर ही कढईची रीत आहेच.

साहित्य

एका मध्यम वाटीचं माप धरा आणि शेवटपर्यंत तीच वाटी वापरा. मैदा 1 वाटी (साधारण 120 ग्रॅम), बेसन पाव वाटी (25 ग्रॅम), बारीक रवा 2 मोठे चमचे, पिठीसाखर अर्धी वाटी (65 ग्रॅम), घट्ट साजूक तूप अर्धी वाटी (90 ते 95 ग्रॅम), बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खाण्याचा सोडा अगदी चिमूटभर, मीठ चिमूटभर, चार-पाच वेलदोड्यांची पूड आणि थोडं जायफळ. वर लावायला पिस्त्याचे किंवा बदामाचे काप. एवढ्यात लिंबापेक्षा लहान 18 ते 20 नानकटाया होतात.

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर वाटीपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. घट्ट तूप वाटीत कधी दाबून भरलं जातं, कधी पोकळ राहतं, आणि या पदार्थात तुपाचा एक चमचा इकडचा तिकडे झाला तरी फरक पडतो. शिवाय काट्यावरचे आकडे वाचायचं काम सात-आठ वर्षांची मुलं फार मन लावून करतात.

बेसन आधी मंद आचेवर कोरडंच दोन-तीन मिनिटं परतून गार करून घ्या. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जायला हवा. साखर घरीच मिक्सरवर दळत असाल तर ती चाळणीतून गाळून घ्या. दाणे राहिले तर ते भाजताना विरघळतात, नानकटाई पसरते आणि गार झाल्यावर कडक लागते.

तूप फेसणं

सगळी मेहनत इथेच आहे. तूप थिजलेलं पण मऊ हवं, बोट दाबलं तर खळगा पडावा असं. वितळलेल्या तुपाची नानकटाई हमखास पसरते, कारण पातळ तुपात हवा धरली जात नाही. मुंबई-कोकणात उन्हाळ्यात तूप बरणीतच पातळ झालेलं असतं. ते पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मध्ये मध्ये ढवळा, म्हणजे सारखं थिजेल. थंडीत उलटी अडचण, तूप दगडासारखं होतं. तेव्हा गॅसवर न ठेवता, बरणी चुलीच्या आसपास थोडा वेळ ठेवावी.

परातीत तूप घ्या, पिठीसाखर दोन-तीन वेळा मिळून घाला आणि तळहाताने एकाच दिशेने फेसत राहा. पहिली काही मिनिटं ते जड, पिवळट आणि चिकट असतं. मग हळूहळू पांढरं आणि हलकं होतं, हाताखाली रवाळपणा लागत नाही, आणि परातीचा तळ बोटांच्या रेघांतून दिसायला लागतो. याला आठ-दहा मिनिटं लागतात. हाताने चालणाऱ्या बीटरने लवकर होतं, पण मुलांना हाताने करू द्या. तूप आणि साखर एकजीव होताना हाताला जे कळतं ते पाककृती वाचून कळत नाही. चाटून बघायचं असेल तर मुलांनी ते आत्ताच, पीठ घालण्याआधी चाटावं. कच्चा मैदा पोटात जाणं बरं नाही, म्हणून पीठ पडल्यावर चाटणं बंद.

पीठ

मैदा, बेसन, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र दोनदा चाळा. त्यात रवा, वेलदोडा, जायफळ मिसळा आणि फेसलेल्या तुपात थोडं थोडं घाला. बोटांनी हलकेच गोळा करायचं, मळायचं अजिबात नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा गेलाच समजा. पाणी किंवा दूध घालू नका. सुरुवातीला पीठ भुरभुरीत दिसेल, पण मुठीत धरून दाबल्यावर मुटका टिकला तर तूप पुरेसं आहे. मुटका फुटत असेल तर एक छोटा चमचा तूप वाढवा. गोळा झाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, तेवढ्यात कढई तापवता येते.

अर्धा मैदा काढून कणीक घातली तरी चालते. रंग जरा काळपट येतो, पण चवीला खमंग लागते. नाचणी घालायची तर मैद्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, नाहीतर नानकटाई हातातच मोडते.

कढई तापवणं

लोखंडी किंवा जाड हिंदालियमची कढई घ्या. नॉनस्टिक कढई कोरडी तापवायची नसते, ती नको. तळाशी दीड-दोन वाट्या मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा पालथी स्टीलची वाटी ठेवा, घट्ट बसणारं झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मिठामुळे आच सगळीकडे सारखी पोचते आणि बुडाला एकाच जागी चटका बसत नाही. हे मीठ नंतर बरणीत भरून याच कामासाठी ठेवा, स्वयंपाकात वापरू नका.

कुकरमध्येही लोक भाजतात. मला कढईच बरी वाटते, कारण झाकण पटकन उचलून बघता येतं आणि रबरी रिंग, शिट्टी काढायची आठवण ठेवावी लागत नाही.

एवढ्यात मुलं गोळे वळतील. ताटलीला तुपाचा हात फिरवा. गोळा तळहातावर वळून किंचित चपटा करा आणि मध्ये अंगठ्याने हलका खळगा पाडून पिस्त्याचा काप दाबा. गोळे सारख्या आकाराचे असू द्या, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा. ताटली कढईपेक्षा लहान हवी, कडेने गरम हवा वर चढायला जागा पाहिजे. ताटली आत ठेवणं आणि काढणं हे मोठ्यांचंच काम, यात सूट नको.

भाजणं

आधी एकच नानकटाई ठेवा. आच अगदी मंद करा, मोठा बर्नर मंद होत नसेल तर कढई छोट्या बर्नरवर न्या. ती पसरून पापडासारखी झाली तर पिठात एक मोठा चमचा मैदा घाला किंवा पीठ थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. तडे जाऊन तुकडे पडले तर थोडं तूप हवं आहे. बारीक, सुंदर भेगा पडल्या तर पीठ जमलं, बाकीच्या लावा.

पहिल्या खेपेला 18 ते 22 मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. नंतरच्या खेपांना कढई आधीच तापलेली असते, त्यामुळे दोन-चार मिनिटं कमी लागतात. तोवर उरलेलं पीठ फ्रिजमध्ये असू द्या. वरून रंग यायची वाट बघत बसलात तर बूड करपेल. कढईत आच खालून लागते, त्यामुळे वरचा भाग फिकटच राहतो. कडेला खालून बदामी रेघ दिसली आणि तूप-वेलदोड्याचा वास घरभर पसरला की गॅस बंद. या वेळी ती बोटाला मऊ लागते आणि कच्ची आहे असं वाटतं, पण तिला तशीच ताटलीवर दहा मिनिटं राहू द्या. गार होता होता ती कडक होते. गरम असताना उचलली तर हातात फक्त भुगा येतो, आणि मुलांना थोपवणं याच दहा मिनिटांत सगळ्यात अवघड जातं.

ओव्हन असेल तर 160 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून तेवढ्यावरच 15 ते 18 मिनिटं भाजा. मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शनवरच लावा, साध्या मायक्रोवेव्हच्या लहरींनी नानकटाई खमंग होत नाही.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. किंचित कोमट असली तरी डब्यात वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळी मऊ पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-पंधरा दिवस छान राहते. पावसाळ्यात मऊ पडलीच, तर तापलेल्या कढईत पुन्हा तीन-चार मिनिटं ठेवून गार करा, परत खुसखुशीत होते. डब्याच्या तळाशी उरलेला भुगा गरम दुधात घालून लहान मुलांना द्या, किंवा श्रीखंडावर भुरभुरून मोठ्यांनी खावा.