जगभ्रमंतीसाठी ट्रकवरचं घर: आधी वजन, मग ट्रक

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये चासीवर, म्हणजे ट्रकच्या मूळ सांगाड्यावर, राहायचा बॉक्स बांधू शकणारे हात आहेत. अडतं ते कोणती चासी घ्यायची यावर. बहुतेक जण आधी ट्रकच्या प्रेमात पडतात आणि मग संसार त्यात कोंबायला बघतात. क्रम उलटा ठेवा. काय काय न्यायचं ते किलोत मांडा, त्यावरून ट्रक ठरू द्या.

वजनाची वही

दोन माणसांचा हिशोब करून बघू. पाणी ३०० लिटर म्हणजे ३०० किलो. डिझेल ४०० लिटर, साधारण ३३० किलो. दोन माणसं १५० किलो. मोठ्या ऑफरोड टायरची रिमसकट एक स्टेपनी दीडशेच्या आसपास. बॅटऱ्या, सोलर, फ्रिज मिळून दोनशे. हत्यारं, सुटे भाग, कपडे, किराणा यांना चारशे धरा. हा आकडा कायम वाढतो, कमी होत नाही. त्यात पाच मीटरचा बॉक्स, खिडक्या, फर्निचर, प्लंबिंग आणि खालची फ्रेम यांचे अडीच हजार. बेरीज चार टनांच्या वर गेली. शिवाय पंधरा-वीस टक्के मोकळे हवेत, कारण भरगच्च ट्रक खड्ड्यात आधी स्प्रिंगचे पाटे मोडतो.

म्हणजे एकूण वजनक्षमता साडेसात टनांची असलेला फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारा) ट्रक इथेच बाद होतो. त्याची नुसती चासीच चार टनांच्या घरात असते. पाच मीटरचा बॉक्स हवा असेल तर १० ते १४ टनांचा ट्रक बघा. एवढा मोठा नको असेल तर बॉक्स साडेतीन मीटरवर आणा आणि पाणी निम्मं करा. माझं मत विचाराल तर दोघांसाठी लहानच बरा.

वजन एकूण जमलं म्हणून भागत नाही. चासी वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्या. पाण्याची टाकी शेपटाला गेली की मागचा ॲक्सल ओव्हरलोड होतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. टाक्या दोन ॲक्सलच्या मध्ये, खालच्या बाजूला हव्यात.

इंजिन: डिझेल कुठलं मिळणार?

पश्चिमेला पाकिस्तानातून जमिनीवरून जायची वाट सध्या बंद आहे. त्यामुळे ट्रक मुंबईहून बोटीने आखातात किंवा आफ्रिकेत उतरवणं हाच सरळ मार्ग. प्रवास कोणत्या देशांतून होणार, यावर इंजिन ठरतं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं. या इंजिनांना गंधक १० पीपीएमपर्यंतचं (दहा लाखांत दहा भाग) डिझेल आणि धूर साफ करायला युरियाचं द्रावण लागतं. आफ्रिका आणि मध्य आशियातल्या कित्येक देशांत गंधकाचं प्रमाण याच्या कैक पट असतं, त्याने धूर साफ करणारे फिल्टर आणि कॅटॅलिस्ट खराब होतात. तिकडे जायचं असेल तर बीएस-३ किंवा बीएस-४ चं साधं इंजिन सुखाचं. युरोपातल्या शहरांत शिरायचं असेल तर तेच जुनं इंजिन प्रदूषणाच्या नियमांत अडतं. दोन्ही एकदम साधत नाही.

भारतात लष्कराने वर्षानुवर्षं वापरलेले दोन फोर बाय फोर आहेत: टाटा एलपीटीए ७१३ (अडीच टन भार) आणि अशोक लेलँड स्टॅलियन (पाच ते साडेसात टन). परदेशी लोक मॅन टीजीएम किंवा मर्सिडीज युनिमॉग घेतात. त्यांच्या वाखाणणीवर जाऊ नका, सुट्या भागांचं विचारा. टाटांची व्यापारी वाहनं आफ्रिकेत आणि आखातात चालतात, त्यामुळे तिकडे टाटाचा साधा भाग मिळण्याची आशा धरता येते. युनिमॉगचा भाग नाशकात शोधून बघा, म्हणजे फरक कळेल.

बॉक्स आणि त्याखालची फ्रेम

ट्रकची चासी पिळली जाते, तशी ती बनवलेलीच असते. एक पुढचं चाक आणि तिरक्या बाजूचं मागचं चाक दगडावर चढवा. मागे उभं राहून कॅब आणि हौद्याच्या वरच्या कडांकडे बघा: कॅब एका बाजूला कलते, हौदा दुसऱ्या बाजूला. घट्ट बोल्ट केलेला बॉक्स या पिळात तडकतो, दारं अडकतात. म्हणून तीन किंवा चार बिंदूंवर डुलणारी, नाहीतर स्प्रिंगवर बसवलेली सबफ्रेम मागा. "आम्ही साध्या यू-बोल्टवर देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

भिंतीसाठी द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला जा. पॅकहाउससमोर उभ्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) गाड्यांच्या भिंतीत फोमच्या दोन्ही बाजूंना फायबर असतं. आपल्याला तसंच ५०-६० मिलिमीटर जाडीचं पॅनेल हवं. कोपऱ्यावर आणि दाराच्या चौकटीवर हात फिरवा. आतून बाहेर सलग धातू गेला असेल तर थंडीत तिथेच पाणी धरतं. स्वयंपाक आणि हीटर डिझेल किंवा विजेवर ठेवा, कारण गॅस सिलिंडरची जोडणी देशागणिक बदलते.

कागद आणि बोट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाने बदल करता येत नाहीत, आणि मोटर कॅरावॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. बॉक्स बांधायला देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत पासिंगचं विचारून या. साडेसात टनांच्या वर हेवी लायसन्स लागतं. ते आधी काढा, मगच आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. गाडीचा कार्ने (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टम्सचा कागद) मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. त्यासाठी तारण ठेवावं लागतं, ते बजेटमध्ये धरा.

साडेतीन मीटर उंचीचा ट्रक कंटेनरमध्ये मावत नाही, हाय-क्यूब कंटेनरचं दारच सुमारे २.५८ मीटर. मग रो-रो जहाज (गाडी चालवतच आत चढवायचं), आणि तिथे भाडं बहुधा घनमीटरवर. ७.५ × २.५ × ३.६ मीटर म्हणजे ६७.५ घनमीटर. टपावरची पेटी वीस सेंटिमीटरने कमी केली तर पावणेचार घनमीटरचं भाडं वाचतं.

पैसे देण्याआधी

वाळूची पोती भरून ट्रक ठरल्या वजनाला आणा आणि कसारा घाटात न्या. चढताना इंजिनचं तापमान बघा. उतरताना एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) गाडी धरली जाते की पाय सारखा ब्रेकवर जातो, ते बघा. मग नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात चढवा. वळणावर रिव्हर्स घ्यावा लागला तर कमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) चासी शोधा.