खिशासाठी हलकं रिव्हॉल्वर घेताय? या चुका टाळा

काउंटरवर एकीकडे ६२५ ग्रॅमचं स्टीलचं रिव्हॉल्वर आणि दुसरीकडे ३३० ग्रॅमचं ठेवलं, तर हात आपोआप हलक्याकडे जातो. खिशात बाळगायचं म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण जड रिव्हॉल्वर दिवसभर खिशात टोचतं आणि हलकं रिव्हॉल्वर गोळी झाडताना हाताला टोचतं. यातलं पहिलं दुकानात लगेच कळतं, दुसरं कळत नाही. पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

कायद्याचं आधीच उरकून टाकू. कोणता कॅलिबर (गोळीचं आणि नळीचं माप) चालतो, लपवून बाळगायला वेगळी परवानगी लागते का, कोणती काडतुसं वापरता येतात, हे सगळं देशागणिक बदलतं. परवान्यात न बसणारं मॉडेल निवडण्यात वेळ घालवू नका.

वजनाच्या आकड्यावर भाळणं

काडतूस तेच ठेवून रिव्हॉल्वरचं वजन निम्मं केलं, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या फ्रेमचं रिव्हॉल्वर साधारण ४०० ते ४२५ ग्रॅमचं आहे. रुगरचं .३८ स्पेशल काडतुसाचं एलसीआर ३८० ग्रॅमच्या आसपास भरतं. स्मिथ अँड वेसनचंच ३४०पीडी मात्र स्कँडियमयुक्त फ्रेम आणि टायटॅनियम सिलिंडरमुळे (काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं) ३३० ग्रॅमपर्यंत उतरतं, आणि वर ते .३५७ मॅग्नम हे जास्त ताकदीचं काडतूस झाडतं. कागदावर हे भन्नाट वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण ताकदीची पाच मॅग्नम काडतुसं त्यातून सलग झाडून सहावं स्वखुशीने भरणारा माणूस विरळाच. हात दुखला की सराव टळतो. सराव टळला की दुसरी गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

माझं मत सरळ आहे. पहिलंच खिशातलं रिव्हॉल्वर असेल तर ४०० ग्रॅमच्या खाली जाऊ नका, आणि .३८ स्पेशलवर थांबा. .३५७ च्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधलं काडतुसाचं घर) .३८ चालतं म्हणून '.३५७ घेऊ, सरावाला .३८ वापरू' असा हिशेब बरेच जण करतात. हिशेब चूक नाही. पण .३८ चं केस, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, साधारण ३ मिलिमीटरने आखूड असतं, त्यामुळे चेंबरमध्ये त्याच्या तोंडापुढे काजळीचं कडं साचतं. ते साफ केलं नाही तर नंतर लांब काडतूस आत पूर्ण बसत नाही. उलट प्रयोग, म्हणजे .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३५७, कधीही करायचा नाही. जुनी हलक्या फ्रेमची रिव्हॉल्वरं प्लस-पी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसांसाठी बनलेली नसतात, तेव्हा आधी मॅन्युअल वाचा.

काडतुसाची निवडही इथेच ठरते. पावणेदोन-दोन इंचाच्या नळीतून गोळीला पुरेसा वेग मिळेलच असं नाही, त्यामुळे पसरणारी गोळी पसरतेच असं गृहीत धरू नये. १४८ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर हे मूळचं निशाणेबाजीचं, सौम्य धक्क्याचं काडतूस. हलक्या रिव्हॉल्वरला ते चांगलं मानवतं. फक्त त्याचं नाक सपाट असतं, म्हणून घाईत भरताना ते चेंबरच्या कडेला अडतं. कमी वजनाच्या गोळ्या फिक्स्ड साइट्सवर (न हलवता येणाऱ्या नेमपट्ट्या) बहुधा खाली लागतात, हेही ध्यानात ठेवा. आपल्या रिव्हॉल्वरमधून, आपल्याच काडतुसाने, कागदावर झाडून पाहिल्याशिवाय नेमाबद्दल काही बोलू नये.

हॅमरची टोकदार शेपटी

उघड्या हॅमरचं (काडतुसावर ठोका देणारा घोडा) रिव्हॉल्वर कमरेला ठीक, खिशात नाही. बाहेर काढताना हॅमरचा काटा अस्तरात अडकतो. हा प्रश्न जुना आहे. स्मिथ अँड वेसनच्या १९५२ च्या सेंटेनियलमध्ये हॅमर फ्रेमच्या आतच झाकलेला होता. १९५५ च्या बॉडीगार्डमध्ये दोन्ही बाजूंनी आडोसा करून वर फक्त टोक ठेवलं. आतल्या हॅमरचं रिव्हॉल्वर फक्त डबल अॅक्शनमध्ये चालतं, म्हणजे दर वेळी लांब आणि जड ट्रिगर ओढावा लागतो. याची धास्ती वाटून लोक उघडा हॅमर घेतात. त्यापेक्षा ट्रिगर ओढायची सवय केलेली बरी. खिशातल्या शस्त्राला जड ट्रिगर हा गुणच आहे.

तो ट्रिगर हलका करायला स्प्रिंग बदलणं ही पुढची चूक. हॅमरचा स्प्रिंग कमजोर झाला की प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची पेट घेणारी टोपी) ठोका हलका पडतो आणि काडतूस फुटत नाही. ट्रिगरला मागून पुढे आणणारा रिबाउंड स्प्रिंग कमजोर असेल तर ट्रिगर पुढे परतायला आळस करतो. तुमच्याकडे असं होत असेल तर आधी मूळ स्प्रिंग परत बसवा, बाकीचं नंतर बघा.

मूठ आणि खिसा

छोटी मूठ लपते, पण करंगळीला जागा राहत नाही. मोठ्या रबरी मुठीने धक्का सोसतो, पण चिकट रबर अस्तराला धरून ठेवतं. काढायला गेलात की खिसाच उलटा होऊन बाहेर येतो. मधला मार्ग म्हणजे तळाशी आखूड, पण मागच्या बाजूला जाडसर आणि पृष्ठभागाला गुळगुळीत मूठ.

खिशाचा होल्स्टर नसेल तर रिव्हॉल्वर खिशात ठेवूच नका, इथे तडजोड नाही. होल्स्टर ट्रिगर झाकतो, मूठ वर राहील असं रिव्हॉल्वर उभं ठेवतो आणि त्याचा आकार बाहेरून दिसू देत नाही. चांगल्या होल्स्टरची परीक्षा सोपी आहे: रिव्हॉल्वर रिकामं करून, पुन्हा तपासून, खिशातून काढा. होल्स्टर खिशातच राहिला पाहिजे. त्या खिशात किल्ली, नाणी, रुमाल, काहीही ठेवायचं नाही. परत ठेवताना आधी होल्स्टर बाहेर काढा, त्यात रिव्हॉल्वर बसवा आणि मग दोन्ही एकत्र खिशात सरकवा.

आणखी एक गोष्ट करून बघा. रिकाम्या खिशात सपाट हात घाला, आत मूठ आवळा आणि बाहेर काढा. बंद मूठ खिशाच्या तोंडाशी अडकते. म्हणून आत असताना अंगठा रिव्हॉल्वरच्या मुठीला न गुंडाळता हॅमरच्या जागी, फ्रेमच्या पाठीवर ठेवतात. हात बारीक होतो, सहज निघतो, आणि पकड बाहेर आल्यावर पूर्ण करता येते. बसलेल्या अवस्थेत पुढच्या खिशातून काही निघत नाही. दिवसाचा बराच वेळ गाडी चालवत असाल तर खिसा ही जागाच चुकीची.

सिलिंडर अडकला तर

'रिव्हॉल्वर जाम होत नाही' ही समजूत हलक्या रिव्हॉल्वरने मोडते. धक्का इतका झटक्याचा असतो की न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की फ्रेमला अडून सिलिंडर फिरायचा थांबतो. तपासायची रीत: पाचवं काडतूस व्हर्नियरने (बारीक लांबी मोजायचं साधन) मोजून भरा, चार झाडा आणि पाचवं पुन्हा मोजा. लांबी वाढली तर ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्वरसाठी नाही. साध्या शिशाच्या गोळ्यांत हे जास्त दिसतं. ३४०पीडीच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये असं कोरलेलं असतं, पण ते टायटॅनियमचा सिलिंडर झिजू नये म्हणून.

सिलिंडर बंदच होत नसेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकाम्या केस उचलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली बघा. न जळलेल्या दारूचे दोन-तीन कण तिथे बसले तरी तेवढं पुरतं. दातांच्या ब्रशने झटका. रिकामी केस काढताना नळी आभाळाकडे करून केस बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर रॉडवर एकच सणसणीत थाप मारा. नळी खाली ठेवून हळूहळू ढकललंत तर दारूचे कण चांदणीखालीच जातात, आणि आखूड रॉडमुळे केसही अर्धवट लटकतात. इजेक्टर रॉड सैल होऊनही सिलिंडर अडतो. तो घट्ट करण्याआधी आट्यांची दिशा बघा, कारण काही मॉडेलांत त्या उलट्या असतात.

टायटॅनियमचा सिलिंडर खरखरीत ब्रशने किंवा पॉलिशने घासू नका, वरचा थर जातो. आणि झाडलं नाही तरी आठवड्यातून एकदा रिव्हॉल्वर रिकामं करून सिलिंडरच्या पुढच्या फटीत आणि हॅमरच्या खाचेत उजेड टाका. खिशाचा कापूस तिथे जमतो, आणि घामट हवेत त्याखाली गंजही धरतो.