दिवंगत न्यायमूर्तींवर स्मृतिलेख लिहिताना

एखादे न्यायमूर्ती निवर्तले की दुसऱ्या दिवशीच्या श्रद्धांजलीत ‘निःस्पृह’, ‘बाणेदार’, ‘आधुनिक रामशास्त्री’ ही विशेषणे हमखास येतात, आणि ती खोडली तर लेखात निधनाची तारीख तेवढी उरते. न्यायाधीशाची आयुष्यभराची कमाई त्याच्या निकालपत्रांत असते. म्हणून आठवणी गोळा करण्याआधी निकालपत्रे वाचायला घ्यावीत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ‘ई-एससीआर’ या न्यायालयाच्याच ऑनलाइन निकालसंग्रहावर विनामूल्य मिळतात; ही सोय २०२३ पासूनची आहे.

वाचताना पहिला प्रश्न विचारावा, तो म्हणजे हे मत नेमके कोणी लिहिले. निकाल पीठाचा असतो, पण मते स्वतंत्र असू शकतात, आणि बहुतेक चुका येथेच होतात. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात निधन पावलेले न्या. पी. बी. सावंत यांचेच उदाहरण घेऊ. १९८९ ते १९९५ या काळात ते सर्वोच्च न्यायालयात होते. १९९२ च्या इंद्रा साहनी प्रकरणात, म्हणजे मंडल आयोगाच्या आरक्षणाविषयीच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींचे पीठ होते. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण बहुमताने वैध ठरले आणि त्या बहुमतात सावंत यांचे मत वेगळे लिहिलेले होते. त्यामुळे ‘मंडल निकाल सावंतांनी दिला’ हे वाक्य चुकीचे ठरते, तर ‘सहमतीचे स्वतंत्र मत लिहिले’ हे बरोबर. राज्यांतील राष्ट्रपती राजवटीविषयीच्या १९९४ च्या बोम्मई प्रकरणात त्यांनी स्वतःच्या आणि न्या. कुलदीप सिंग यांच्या वतीने लिहिले, तर सामन्यांच्या प्रक्षेपणाविषयीच्या १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल प्रकरणात न्या. मोहन यांच्यासह. प्रसारणलहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा त्या प्रकरणातला विचार आजही वाचण्यासारखा आहे. जागा कमी असेल तर बाकीचे गाळून लेखाचा मध्य याच प्रकरणावर ठेवावा, असे मी सुचवीन. उतारा मूळ मतातून घ्यावा, वर छापलेल्या सारांशातून नव्हे, कारण सारांश न्यायमूर्ती लिहीत नाहीत. अनुवाद आपला असल्यास तसे लेखातच सांगावे.

आठवणींसाठी त्यांच्यापुढे खटला हरलेल्या वकिलाला अवश्य भेटावे. जिंकलेला वकील कौतुक करणारच, पण ‘निकाल विरुद्ध गेला, तरी माझे म्हणणे पूर्ण ऐकले गेले’ ही साक्ष अधिक वजनाची असते. लघुलेखक आणि कोर्टातले शिपाईही पुष्कळ सांगतात. दालनातले खासगी बोलणे मात्र कुटुंबीयांच्या संमतीशिवाय छापू नये.

निवृत्तीनंतरचा काळ वादाचा असला तरी तो टाळू नये. सावंत प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते, राज्यातील मंत्र्यांवरील आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे प्रमुख होते आणि २०१७ च्या एल्गार परिषदेच्या निमंत्रकांपैकीही एक होते. यातले एक निवडून दुसरे झाकले, तर स्मृतिलेखाचे वकीलपत्र होते.

किरकोळ वाटणारी एक गोष्ट पदनामाची. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ‘न्यायमूर्ती’, जिल्हा न्यायालयासाठी ‘न्यायाधीश’. उच्च न्यायालयाचे ‘मुख्य न्यायमूर्ती’ आणि देशाचे ‘सरन्यायाधीश’. लेख बार असोसिएशनच्या शोकसभेत वाचायचा असेल, तर ही पदे, नेमणुकीची वर्षे आणि नावांची आद्याक्षरे आदल्या दिवशी कुटुंबीयांकडून तपासून घ्यावीत.