क्रूझरवर पाय नेमके कुठे ठेवायचे: आधी सीट, मग लिव्हर, शेवटी फूटरेस्ट

क्रूझर मोटारसायकल घेतलेल्या बऱ्याच जणांची तक्रार सारखीच असते. कोल्हापुरातून निघालं की गगनबावडा येईपर्यंत माकडहाड नाहीतर खुबा बोलायला लागतो. त्यावर कुणीतरी सांगतं, "फूटरेस्ट अजून पुढे घे." एवढ्या घाईने पैसे घालू नका. पाय कुठे पडणार हे आधी सीटवर ठरतं, मग लिव्हरवर, आणि फूटरेस्टचा नंबर शेवटी लागतो. या क्रमाने गेलात तर पुष्कळदा दोन पाने (स्पॅनर) आणि एक सकाळ एवढ्यात काम भागतं.

क्रूझरची ठेवणच तशी असते: सीट खाली, पाय पुढे. रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिमी उंच, सुपर मिटिऑर ६५० ची ७४०, बजाज अ‍ॅव्हेंजरची ७३७. पाय पुढे गेले की अंगाचा भार तळपायांवर येत नाही, तो बुडावर आणि माकडहाडावर बसतो. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण फूटरेस्टवर किंचित उठतो. इथे ते नीट जमत नाही आणि दणका थेट मणक्यात जातो. त्यामुळे पाय जितके पुढे तितका आराम, हे गणित आपल्या रस्त्यांवर टिकत नाही.

आधी बसून बघा

लांब जाताना जे बूट घालता तेच घाला. गाडी साइड स्टँडवर नको, ती डावीकडे कललेली असते आणि बसणंही वाकडं होतं. एकाला पुढून हँडल धरून गाडी सरळ उभी धरायला सांगा आणि दुसऱ्याला बाजूने, सीटच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. फोटोत गुडघा काटकोनापेक्षा उघडा दिसला पाहिजे, पण पूर्ण ताठ नको.

आता दोन चाचण्या. बूड न सरकवता मागचा ब्रेक पूर्ण दाबून बघा. त्यासाठी पुढे घसरावं लागत असेल किंवा चवडा ताणावा लागत असेल, तर पाय तुमच्यासाठी लांब पडतायत. मग हँडल न ओढता दोन्ही पाय फूटरेस्टवरून दोन-तीन सेंटिमीटर उचला. अंग मागे झुकत असेल, तर तुम्ही हातांच्या आधाराने बसलेले आहात आणि लांबच्या प्रवासात खांदे भरून येणारच.

दुखतं कुठे, त्यावरूनही कारण कळतं. गुडघे खुब्यापेक्षा वर येत असतील तर जांघेत आणि खुब्यात आखडतं, ही उंच माणसांची तक्रार. पाय फार ताणलेले असतील तर कंबर मागे गोल होते आणि माकडहाड दुखतं. फक्त डावी नडगी दुखत असेल तर गिअर लिव्हर चुकीच्या उंचीवर आहे, कारण तुम्ही चवडा सतत वर धरून चालवताय. तळपायाला मुंग्या येत असतील तर अरुंद फूटरेस्टचा दाब एकाच जागी पडतोय.

सीट

बुटक्या चालकाने फूटरेस्ट मागे आणायच्या भानगडीत पडण्याआधी कंबरेमागे आधार घ्यावा. सीटच्या मागच्या उंचवट्यावर ३ ते ५ सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम बसवला की माणूस तेवढाच पुढे येतो आणि ब्रेक, गिअर आपोआप जवळ येतात. उंच माणसाने उलट करावं: बसायच्या जागी २० मिमी घट्ट फोम वाढवला की गुडघा उघडतो. सीटवाल्याला मऊ फोम नको म्हणून स्पष्ट सांगा. मऊ फोम दुकानात छान वाटतो, पण तासाभरात दबून बूड खालच्या पत्र्याला टेकतं.

गिअर लिव्हर आणि ब्रेक

खरी मजा इथे आहे, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. टाच फूटरेस्टच्या आधाराने ठेवून नुसता घोटा हलवला की गिअर पडला पाहिजे. त्यासाठी मांडी उचलावी लागत असेल तर लिव्हर जुळलेला नाही.

लिव्हर आणि गिअर शाफ्ट यांच्यामध्ये सळई असेल तर तिच्या दोन्ही टोकांचे चेकनट (सळई फिरू नये म्हणून आवळलेले नट) सैल करा. एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात, त्यामुळे नट सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी दिशा तपासा. सळई फिरवली की लिव्हर वर-खाली होतो. एका वेळी अर्धा फेरा पुरे. दोन्ही टोकांना निदान पाच-सहा आटे आत राहिले पाहिजेत, नाहीतर एखाद्या धक्क्यात सळई निसटेल. सळई नसेल तर लिव्हर थेट दातेरी शाफ्टवर असतो. आधी मार्करने जागेची खूण करा, बोल्ट पूर्ण बाहेर काढा (तो शाफ्टच्या खाचेतून जातो, नुसता सैल करून लिव्हर निघत नाही) आणि एकच दाता सरकवा. एका दात्याने बराच फरक पडतो.

टाच-चवडा लिव्हर (पुढची पट्टी चवड्याने, मागची टाचेने दाबायचा) असेल, मिटिऑरला असतो तसा, तर बूट दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकत नाही ना ते बघा. मोठ्या मापाच्या जाड बुटाला ही अडचण येते.

ब्रेक पेडलची उंची बदलणं सोपं, पण अर्धवट सोडणं धोक्याचं. पेडल असं हवं की पाय फूटरेस्टवर असताना चवडा त्याच्या वर तरंगत राहील, त्यावर टेकणार नाही. उंची बदलली की पेडलचा मोकळा प्ले, म्हणजे ब्रेक लागायच्या आधी पेडल जेवढं मोकळं दबतं ते अंतर, बदलतो. प्ले उरला नाही तर ब्रेक घासत राहतो, तापतो आणि चाक जाम होऊ शकतं. ड्रम ब्रेकला साधारण २० ते ३० मिमी प्ले लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. डिस्कचा प्ले याहून बराच कमी, तिथे पुस्तकाप्रमाणेच जा. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक लाइटचा स्विचही नव्याने जुळवा. स्विचची बॉडी धरून ठेवायची आणि नट फिरवायचा, बॉडी फिरली तर वायर तुटते.

फूटरेस्टच हलवायचा असेल तर

कावासाकी व्हल्कन एस वर फूटरेस्टला कंपनीनेच तीन जागा दिल्यात, मधल्यापासून २५ मिमी पुढे किंवा मागे. बाकीच्या गाड्यांना किट किंवा जोडपट्टी लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हवं ते बनवून मिळतं, आणि कारागीर हुशार आहेत. पण त्यांना माप तुम्ही द्यायचं असतं. एका फेरीत २५ मिमीपेक्षा जास्त हलवू नका. फ्रेमवर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर वेल्डिंग करू देऊ नका, उष्णतेने धातू कमजोर होतो. ८.८ ग्रेडचे (जादा ताकदीचे) बोल्ट आणि मध्यम ताकदीचं लॉकिंग लिक्विड (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं) वापरा. फूटरेस्ट वर आणि मागे दुमडला गेलाच पाहिजे. ताठ फूटरेस्ट वळणावर रस्त्याला टेकला तर मागचं चाक उचलू शकतो. फूटरेस्ट पुढे गेला की ब्रेक आणि गिअरच्या सळयाही नव्या लांबीच्या लागतात, किटमध्ये त्या आहेत का ते घेतानाच विचारा.

लेगगार्डवर लावायचे जादा फूटरेस्ट वेगळी गोष्ट आहे. घेण्याआधी पाइपचा व्यास व्हर्निअरने मोजा आणि क्लॅम्प पाइपच्या सरळ भागावरच बसवा, खाली जुन्या ट्यूबची पट्टी द्या. त्यावर पाय असताना ब्रेक आणि गिअर दोन्ही लांब असतात, म्हणून ते फक्त मोकळ्या चौपदरी हायवेवर पाय ताणायला. शहरात नको, घाटात नको, आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे तर नकोच.

पायात काय घालता यालाही तेवढंच महत्त्व आहे. कोल्हापुरी चप्पल अभिमानाने घाला, पण क्रूझर चालवताना नको. गुळगुळीत चामडं ओल्या रबरावरून घसरतं आणि उघड्या बोटांवर लिव्हर लागतो. घोटा झाकणारा, खोबणीदार तळाचा बूट घ्या आणि नाडी आत खोचा.

तपासणी

एका वेळी एकच बदल करा आणि जुन्या जागेची खूण ठेवा. आधी स्टेशन रोडच्या गर्दीत पाव तास चालवा, गिअर आणि ब्रेक तिथेच बोलतात. मग हायवेने कागलपर्यंत, सुमारे २० किलोमीटर एकाच बैठकीत. वाऱ्याने पाय फूटरेस्टवरून उचलले जात असतील तर ते फार पुढे किंवा फार वर आहेत. त्यानंतर पन्हाळ्याची वळणं, तिथे फूटरेस्ट टेकतो का ते सावकाश बघा. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि हलवलेला प्रत्येक नट-बोल्ट पान्याने पुन्हा तपासा.